मलमाचा पहिला थर

बेकरीच्या भट्टीतून काढलेला ट्रे दादाच्या मनगटाला चाटून गेला, तेव्हा त्यानं हात नळाखाली धरला, डॉक्टरांकडे गेला, मलम आणलं. सगळं शहाण्यासारखं केलं. चुकलं इतकंच, की मलम लावायचं काम त्यानं थोरल्या बहिणीकडे सोपवलं.

ती त्याच बेकरीत केकवर क्रीम चढवायची. हात इतका सढळ, की तिच्या केकमध्ये केक शोधावा लागे. गल्लीनं तिचं नावच मलईताई ठेवलेलं. आणि जखम तर पाठच्या भावाची, तिथं हात आखडता कसा घ्यायचा? त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, "गुरुवारपर्यंत सुकली नाही, तर मोठ्या इस्पितळात पाठवीन." दादाखेरीज मैदा मळणारं कुणी नव्हतं. आठवडाभर नुसत्या केकवर निभलं असतं, त्याहून लांबलं तर बेकरीला कुलूपच!

मग काय, क्रीमची चपटी सुरी उकळून घ्यायची आणि सकाळ-संध्याकाळ थरावर थर. तीन दिवसांत ट्यूब संपली, दुसरी आली.

"ताई, वर चेरी ठेवतेस का?"

"गप बस. हात हलवू नकोस, कड बिघडते."

सोमवारी दवाखान्यात सिस्टरबाईंनी पट्टी सोडली आणि चष्मा वर सारला.

"हे काय?"

"मलम."

"आणि जखम?"

"आहे की. खाली."

सिस्टरबाई हळुवार हातानं सगळं धुवत गेल्या. खालची कातडी भिजलेल्या पावासारखी पांढरी, लिबलिबीत झालेली, भोवती लाल पुरळ उठलेलं. मलईताईचा चेहरा पडला. डॉक्टरांनी पुरळ पाहून मलम बदललं.

"आधीचं मलम पुसत नव्हता?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"लावलेलं क्रीम कुणी खरवडून काढतं का हो?"

"ताई, ढीगभर लावलं म्हणून जखम लवकर भरत नाही. उलट ओली राहते, चिघळते. हात धुवायचे, जुनं मलम पाण्यानं काढायचं, टिपायचं, मग पातळ थर आणि नवी पट्टी. ठरल्या दिवसांपुरतंच. आणि उरलेलं जपून ठेवायचं नाही."

मलईताईनं मान खाली घातली. उरलेलं शेजारणीच्या मुलीच्या मुरुमांना द्यायचं तिनं कबूल केलं होतं.

"पातळ म्हणजे किती पातळ?" तिनं अगदी हळू विचारलं.

सिस्टरबाईंनी दाखवलं. मलमातून कातडी दिसत होती.

"अगंबाई! हा तर पहिला थर!" ती उजळली. केकचा भुगा सुटू नये म्हणून आधी एक हात फिरवतात, त्यातून केक दिसतो, तेवढाच. "पण त्यावर दुसरा..."

"नाही."

"निदान कडेला..."

"ताई!" दादा ओरडला.

पुढचे तीन दिवस तिनं मनावर दगड ठेवून काढले. बोटांना सवय तीस वर्षांची. दर वेळी ट्यूबचं झाकण लावताना देवाचं नाव घ्यावं लागे. पण गुरुवारी पट्टी सुटली, तेव्हा जखम कोरडी, गुलाबी. डॉक्टर म्हणाले, "इस्पितळाची गरज नाही. चार दिवस पट्टी बांधून राहा, मग खुशाल मळा." मलईताईनं तिथंच डोळे मिटून हात जोडले.

संध्याकाळी तिनं सिस्टरबाईंना केक नेऊन दिला. डबा उघडून त्या बघतच राहिल्या. क्रीम इतकं पातळ, की आरपार केक दिसत होता.

"अहो ताई," त्या कळवळून म्हणाल्या, "केकला जखम झालेली नाही. लावा की जरा सढळ हातानं!"