योगराजची चार तारांची गिटार

मित्रांनो, मला पाहिलं की लोक पहिलं हेच विचारतात, "अरे, हिच्या दोन तारा कुठे गेल्या?" कुठेही गेल्या नाहीत. मी जन्मलेच चार तारांची. मी बेस गिटार आहे. माझी मान लांब, तारा जाड आणि आवाज खोल. मी असते तेव्हा गाण्यात मला कुणी शोधत नाही. मी नसले की मात्र गाणं पोकळ लागतं. निदान मला तरी तसं वाटायचं. पुढे ते खोटं ठरलं. कसं, तेच सांगायला बसले आहे.

कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात माझं अंग कापलं गेलं. तिथल्या मिस्त्रीने मला तांबडा रंग दिला आणि उन्हात टांगून वाळवलं. सुरतेला मला आणलं कॉलेजातल्या एका हौशी मुलाने. त्याला वाटलं होतं, गिटार गळ्यात घातली की मैत्रिणी भोवती जमतील. माझं ते एकसुरी धुम धुम ऐकून कुणीच जमलं नाही. रुसून त्याने मला चौकातल्या मगनभाईंच्या वाद्यांच्या दुकानात नेऊन टाकलं. तिथे मी हार्मोनियमच्या मागे धूळ खात उभी राहिले.

एके दिवशी योगराज दुकानात आला. मूळचा खानदेशातला, धुळ्याकडचा. भेस्तानला पॉवरलूमच्या कारखान्यात माग चालवायचा. शर्टाच्या खांद्यावर कापसाची पांढरी पिसं चिकटलेली.

"भाई, आ तो बेस छे," मगनभाई म्हणाले. "एमां गीत नहीं वागे."

योगराजने मला पोटाशी धरलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. मग एकदम हसला. अगदी लहान मुलासारखा.

"गीत नाही वाजलं तर नाही वाजलं, मगनभाई. पण हे पोटात वाजतं!"

असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. देवाने माझ्यासाठी माणूस धाडला, असंच मला वाटलं.

त्याच्या घरी माझं कौतुक काय सांगू! गळ्यात अडकवायचा पट्टा त्याने मागाच्या जुन्या चामडी पट्ट्यापासून शिवला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून प्लायवूडचा खोका आणि मोठा स्पीकर जोडून घेतला. तो स्पीकर सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं आणि शेजारच्या मालतीबाई हाक मारायच्या, "योगराज, अरे माझी उतरंड पडेल!"

माझ्यासाठी नव्या तारा सुरतेत सहज मिळत नसत. तारा मळल्या की आवाज बसतो. मग हौशी बेसवाले एक युक्ती करतात. तारा काढून पाण्यात उकळतात. मळ निघतो आणि थोडे दिवस आवाज पुन्हा मोकळा होतो. योगराजनेही उकळल्या. फक्त पातेलं चुकीचं घेतलं.

"अहो, हे काय!" त्याची बायको उज्ज्वला दारातच थांबली. "माझ्या भगरीच्या पातेल्यात? आज चतुर्थी आहे. मी फराळाला काय लोखंडाचा काढा घेऊ?"

"घासून देतो ना."

"घासून सोवळं परत येतं का?"

पण दुसऱ्या दिवशी तिनेच चुलीशेजारी एक जुनं पातेलं वेगळं ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमच्या तारांचं." उज्ज्वलाचे उपास, नेम, सांजवात कधी चुकत नसत. बोलायची थोडं आणि हळू. माझ्या डोक्यावर दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल तिच्याच हातचं असायचं.

रविवारी योगराजची मंडळी जमायची. महेश कीबोर्ड वाजवायचा. तो पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात कारकून होता, आणि ऑर्केस्ट्रा पार्टी त्याचीच होती. हिलाल ड्रम वाजवायचा. तो योगराजच्याच गावचा, मागावरचाही सोबती. गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या हळदीला ते ऑर्केस्ट्रा करायचे. पोटापाण्याचं काम सगळ्यांचं वेगळं. हे नुसत्या हौशीचं.

आवडीवरून त्यांची दर वेळी भांडणं. महेशला वेगाची, चमचमणारी नवी गाणी हवीत. योगराज म्हणायचा, "एकच सूर दे, पण बरोबर जागी दे. माणूस जेवताना घास चावतो ना, तसा." त्यावर हिलाल काड्या आपटून म्हणायचा, "भो, तू घास चाव. तवलोंग आमनं जेवण व्हई जाई!" सगळे हसायचे. योगराजही हसायचा. हिलालच्या तोंडाकडे बघत बघत हसायचा.

मित्रांनो, इथेच सगळी गोम आहे. मागाच्या कारखान्यात खटाखट इतकी असते की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात आणि बोटांनी खुणा करतात. बोट वर केलं की वाढव, खाली केलं की कमी कर. वर्षानुवर्षं असंच बोलतात. मग एखाद्याचे कान हळूहळू गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. बायकोला लागत नाही. खुद्द त्यालाही लागत नाही.

योगराजचे कान असेच गेले. आधी चिमण्या गेल्या, मग बाजाच्या पेटीचे सूर गेले, मग माणसांचे शब्द. शेवटी फक्त मी उरले, कारण मी कानाने ऐकायची गोष्ट नव्हते. तो स्पीकरच्या खोक्याला पोटरी टेकवून उभा राहायचा आणि मला छातीशी धरून वाजवायचा. माझा आवाज त्याच्या हाडांतून जायचा.

पण सूर लावायला हाडं पुरत नाहीत. माझी एखादी तार उतरली तर त्याला कळेनासं झालं. एका हळदीच्या कार्यक्रमात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेसूर वाजले. गाणारी मुलगी रडकुंडीला आली. पहिल्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघून तोंड वाकडं करत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वाटलं, आत्ताच तार तुटावी. योगराज मात्र डोळे मिटून, मान हलवत, सुखात वाजवत होता.

कार्यक्रम संपल्यावर महेशने हिलालला बाजूला घेतलं. योगराजकडे पाठ करून उभा राहिला. माझी पेटी उघडीच होती, म्हणून मी ऐकलं.

"आता काय करायचं?"

"मी नही सांगाव त्याले," हिलाल म्हणाला. "त्यानं दुसरं शे काय जगामां?"

"मग सांगायचंच नाही. माझ्या नव्या कीबोर्डमध्ये डाव्या हाताने बेस वाजतो. योगराजभाऊंना नुसतं उभं राहू दे. वायर लावू, आवाज बंद ठेवू."

हिलालने मान खाली घातली.

पुढच्या वेळी महेश समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाला, "योगराजभाऊ, तो जड खोका आता आणू नका. तुमची वायर सरळ मिक्सरला देतो. आवाज मोठ्या स्पीकरमधून येईल."

योगराजला केवढा आनंद झाला! घरी येऊन उज्ज्वलाला म्हणाला, "मोठ्या स्पीकरमधून!"

त्या दिवसापासून मी मुकी झाले. माझ्या तारा हलत, पण आवाज मिक्सरच्या पेटीत जाऊन मरत असे. स्टेजच्या फळ्या ड्रमने हादरत, आणि तो हादरा पायातून वर चढला की योगराजला वाटे, हा माझाच बेस. पूर्वी मी बेसूर होते, ते दुःख एक होतं. आता मी नसूनही गाणी नीट होत होती. लोक टाळ्या वाजवत होते. कुणालाही काही पोकळ वाटत नव्हतं. ते दुःख त्याहून मोठं होतं.

हे पहिल्यांदा उमजलं उज्ज्वलाला. नवरात्रात ती देवीची ओटी भरून कार्यक्रमाला आली आणि बायकांच्या रांगेत बसली. नवऱ्याचा हात थांबला, ड्रमकडे बघून तो घाम पुसायला लागला, तरी बेस चालूच राहिला. तिने महेशच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत मान वर केली नाही.

घरी ती त्याबद्दल बोलली नाही. तेव्हा नाही आणि पुढेही बरेच महिने नाही. पण मी पाहत होते. संध्याकाळी दिवा लावताना तिचा हात रेंगाळायचा. योगराज कार्यक्रमाहून येऊन "आज लोक खूश झाले" म्हणायचा, तेव्हा ती ताट वाढायच्या निमित्ताने आत जायची. तो बोलायचा तेवढा वेळ तिचे डोळे जमिनीवर.

पुढचं वर्ष आलं. गणपती बसले. भेस्तानच्या सोसायटीत ऑर्केस्ट्रा ठरला होता. त्या दिवशी सकाळी देवपूजा आटोपून ती त्याच्यासमोर येऊन बसली. ओठ दिसावेत म्हणून डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"तुमना बेस वाजत नही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आवाज बंद करी ठेवतस तुमना. महेश वाजवस."

योगराज हसला. मग हसू गेलं. "कोण म्हणे? माले समदं ऐकू येस!"

"मी तोंडावर पदर धरून बोलले तर येईल का?"

आणि तिने खरंच पदर तोंडावर धरला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं. ती म्हणाली होती, "मला माफ करा." योगराज तिच्या पदराकडे बघत राहिला.

"तुले कवपासून माहीत शे?"

"मागल्या नवरात्रपासून." तिने पदर खाली घेतला. "देवापुढे दिवा लावायचा आणि घरात खोटं झाकून ठेवायचं, आता माझ्याच्याने होत नाही."

तो तिच्यावर ओरडला. तू माझ्यावर जळतेस म्हणाला. मला उचललं आणि कार्यक्रमाला निघून गेला.

मंडप भरलेला होता. पुढे लहान पोरं, मागे बाया, कडेला माणसं उभी. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला योगराजचा हात माझ्यात खोचलेल्या वायरच्या पिनेवर आला.

मित्रांनो, तुम्हाला सांगते. आवाज चालू असताना माझी पिन उपसली तर स्पीकरमधून कडाड असा आवाज होतो. जणू जवळ वीज पडली. लोक दचकतात, पोरं कानावर हात ठेवतात. योगराजला ते पक्कं माहीत होतं. त्याला कडाड ऐकू येणार नव्हतं, पण दचकलेली माणसं दिसणार होती.

त्याने पुढच्या रांगेतल्या पोरांवर नजर धरली आणि पिन उपसली.

कुणी दचकलं नाही. एक पोरगी बर्फाचा गोळा चोखत होती, ती चोखतच राहिली. महेशची मान तालात डोलत होती. बाया गाण्याला टाळ्या देत होत्या. माझी वायर स्टेजवर सुटी पडली होती आणि गाणं छान चाललं होतं.

योगराजने हात थांबवला नाही. गाणं संपेपर्यंत वाजवत राहिला, प्रत्येक सूर आपल्या जागी. मग त्याने वायर गुंडाळली, गणपतीला हात जोडले आणि पायऱ्या उतरला.

हिलाल ड्रम सोडून धावत आला. "योगराज, भो, ऐक ना..." मागून हाक मारून उपयोग नाही, हे मग त्याच्या लक्षात आलं. त्याने पुढे येऊन योगराजचा खांदा धरला. "तुले दुखावानं नव्हतं रे आमले."

"पाठ करी बोलनात तुम्ही," योगराज म्हणाला. "तोंडसमोर सांगं असतं, ते मी रडतू. घर जातू. पण मी माणूस तरी ऱ्हातू." त्याने मला खांद्यावर घेतलं. "तुम्ही माले गणपतीसमोर बाहुलं करं."

मंडपात पुढचं गाणं सुरू झालं. ड्रमशिवाय झालं.

मग मला माळ्यावर ठेवलं. गोधड्यांच्या मागे. माझ्या तारांवर गंज चढला, मान ओलीने किंचित वाकली. प्लायवूडचा खोका मालतीबाईंनी कोळसे ठेवायला नेला. योगराजने माग सोडला आणि इच्छापोरला गोदामात ओझी उचलायचं काम धरलं. कान वाचवायला म्हणावं, तर त्यांत राखायला काय उरलं होतं! हिलाल दोनदा घरी आला. योगराज त्याच्याशी बोलला, चहा दिला, पण माळ्याकडे बोट केलं नाही. महेश आला नाही. त्याची पार्टी मोठी झाली असं ऐकते. त्यांच्यात बेसवाला नाही.

माळ्यावर वेळ पुष्कळ असतो. मी एकच गोष्ट घोळवत बसते. महेश वाईट नव्हता. हिलाल तर जिवाचा मित्र. त्यांनी दया केली. पण दयेने माझा आवाज बंद केला, आणि आवाज बंद असलेल्या माणसासाठी लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. मित्रांनो, तुमच्यातही कुणाचे कान जातील, कुणाचे डोळे, कुणाची आठवण. त्याला समोर बसवा. तुमचे ओठ त्याला दिसू द्या. खरं सांगा, आणि सांगून उठून जाऊ नका. तिथेच बसून राहा.

उज्ज्वला बसून राहिली. कारखान्यांना सुट्टी असली की भेस्तानात सामसूम होते. अशाच एका दुपारी तिने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि योगराजच्या मांडीवर ठेवलं. तो आधी भिंतीकडे बघत होता. मग त्याने गंजलेली तार छेडली.

ती समोर वाती वळत बसली होती. तिने मान हलवली. नाही. आणि बोट वर केलं.

त्याने किल्ली पिळली. पुन्हा छेडली. तिने डोळे मिटून ऐकलं आणि बोट थोडं खाली केलं. तो एक तार पट्टीवर दाबून छेडायचा, मग शेजारची मोकळी; दोन्ही एकसारख्या वाजतात की नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. ती खोटं हो म्हणाली नाही. एकदाही नाही. वाती बाजूला राहिल्या, चहा निवला. एक तार काही केल्या लागेना, गंजच तेवढा होता.

"लागनी?" त्याने विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. ओठ नीट हलवून म्हणाली.

आणि तो पुन्हा किल्लीकडे वळला.