कागदाखालचं पाखरू

निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर… मोत्रानं तो काचेचा तुकडा तळघरातल्या दिव्याखाली धरला आणि पुन्हा मुठीत मिटून घेतला. नखाएवढा तुकडा, पन्नास वर्षांपूर्वीच्या पहिल्या पाखरातून उरलेला. कोटाच्या खिशात राहून राहून त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या — की बोटंच बोथट झाली होती? रंग मात्र तोच होता. याच तुकड्यावरून यारिनानं पंखासाठी काच निवडली होती.

समोरच्या भिंतीवर तपकिरी कागद, चौकोनाला चौकोन लावून. त्याच्यामागे, गिलाव्यात रुतलेलं काचांचं पाखरू. ही कामाची जुनी रीत. काचा टेबलावर कागदाला पालथ्या चिकटवायच्या, मग कागदासकट गिलाव्यात दाबायच्या, आणि गिलाव्यानं धरलं की कागद भिजवून सोलायचा. तोवर चित्राचं तोंड कुणालाच दिसत नाही.

"आजी, पहिला हात तुमचा," यारिना म्हणाली. पोरगी तिशीची, केसांत सिमेंट. "नाहीतर पाखरू रुसेल."

"आजींना काय घाई?" शिडीवरून होर्दी गवंडी म्हणाला. "पन्नास वर्षं झाली, कागद भिजवायला वेळच मिळेना त्यांना."

मोत्रा हसली. हसताना दुसरा हात खिशातल्या फोनवर गेला, आणि हसू तिथंच थांबलं.

फोटो सकाळी आला होता. समुद्रकाठच्या त्या शहरात, जिथं आता परक्यांचा झेंडा आहे, मागं राहिलेल्या क्लावदियानं पाठवलेला… कारखान्याची खाणावळ, जिथल्या भिंतीत तिनं आणि उस्ताद ओनुफ्रीनं ते पहिलं पाखरू बसवलं होतं. तोफगोळ्यानं आडभिंत फुटलेली, आणि फटीतून पंख, नक्षीचा, सदऱ्याच्या बाहीवर गावच्या बायका भरतात तसला. कागद केव्हाच कुजून गळालेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी इमारत पाडली, क्लावदियानं लिहिलं होतं, फोटो त्याआधीच काढून लपवला होता, आज धीर झाला.

पंखाशेजारी स्वयंपाकघराची खिडकी होती, ताटं द्यायची; पंखाची पिसं मागं तिकडेच वळलेली.

म्हणजे शेपूट खिडकीकडे. म्हणजे चोच — दाराकडे.

जेवताना माणसाला दार दिसलं पाहिजे, ओनुफ्री म्हणायचा. चित्र त्याचं. तेव्हा तिला वाटलं होतं, उस्तादांचं आपलं काहीतरी. कारण तिचं पाखरू, टेबलावरचं, वर्षानुवर्षं डोळे मिटताच उडणारं, खिडकीकडे तोंड करून होतं. टेबलावर सगळं उलटंच असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी यारिनानं पेन्सिल हातात दिली तेव्हा तिनं डोळ्यांसमोरचं तेच काढलं, टेबलावरचं, उलटं. आणि यारिनानं ते सुलटं समजून टेबलावर मांडताना इमानानं उलटवलं. पोरीचं काय चुकलं? आणि माझं तरी… मी दुसरं कुठलं पाखरू पाहिलं होतं?

आता कागदाखाली चोच तळघराच्या बंद टोकाकडे होती. पाठ जिन्याकडे. हल्ल्याचा भोंगा झाला की वरच्या शाळेतली मुलं आसऱ्याला खाली येऊन याच भिंतीला टेकून बसणार, आणि पाखरू त्यांना… गिलावा दगड झाला होता. फोडायचा, तर काचही फुटणार. आणि आणलेली काच संपलेली.

सांगावं? सांगितलं तर यारिना खाली बसेल, नुसती बसेल. नाही सांगितलं तर उद्यापासून हेच ते पाखरू. त्यांनी झाकलं, त्यांनी पाडलं, आणि मी उलटं केलं.

होर्दीनं पाण्याची बादली जवळ सरकवली. यारिनानं तिच्या हातात स्पंज दिला.

खाणावळीतल्या त्या दिवशीही स्पंज तिच्याच हातात होता. बादली भरलेली. ते आले, वरचे अधिकारी, कोट न काढता उभे राहिले. चित्राचा कच्चा नमुना त्यांच्याकडे आधीच पोचला होता. असली गावंढळ नक्षी कामगारांच्या खाणावळीत कशाला, लाल तारा कुठाय, असं त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं, ओनुफ्रीनं आपल्या भाषेत उत्तर दिलं, आणि त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांच्यातला ठेंगणा माणूस गवंड्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, घरातल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला होता: कागद राहू द्या.

संध्याकाळी आडभिंत उभी राहिली. वसंतात ओनुफ्रीला नेलं.

"आजी?"

तिनं स्पंज बुडवला. भिंतीला लावला. पाणी ओघळलं, कागद काळवंडला, मऊ झाला, आणि त्याच्याआड काहीतरी उजळत असल्यासारखं… निळं म्हणावं तर निळं नाही. आयुष्यभर तिला हेच पाहायचं होतं. एक कोपरा आपणहून सुटला आणि खाली लोंबला. यारिना एक पाऊल पुढं आली.

मोत्राचा तळहात वर गेला आणि त्या कोपऱ्यावर घट्ट दाबला गेला, कागद परत भिंतीला लावून. घशाशी शब्द आले होते, तयार, सौम्य. तिचे नव्हते ते, त्या ठेंगण्याचे होते. तिनं दात आवळले. शब्द तोंडात तसेच होते, ओळखीचे, आणि पाणी तिच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरत होतं.