ज्ञानाची धूळ

हायफाँग शहराच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची कोठी थोआताईंच्या ताब्यात होती आणि थोआताई खोकल्याच्या. कोठीला खिडकी नव्हती. गठ्ठा हलवला की पिवळी भुकटी उडायची आणि थेट नाकातोंडात जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिथली हवा खेळती करा, नाहीतर नोकरी सोडा. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. रात्री ताई खोकल्या की कुशीतली नात दचकून उठायची, म्हणून सुनेने तिला दुसऱ्या खोलीत नेलं होतं. रिकामी कूस ताईंना छातीपेक्षा जास्त दुखायची.

हवा बाहेर फेकणारा एक पंखा द्या, एवढंच मागणं घेऊन त्या संचालक खिएमसाहेबांकडे जात. साहेब माणूस भला, पण धूळ ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती.

"अहो ताई, ही ज्ञानाची धूळ. ती कुणाला बाधत नाही. तुमच्या अंगात वारं शिरलंय, हे चोळा," म्हणत ते दर खेपेला सर्दी-पडशावर चोळायच्या हिरव्या तेलाची बाटली हातावर ठेवत. ताईंच्या घरी फळीभर बाटल्या साठल्या होत्या.

मग शेजारी हॉटेलाच्या पायाचे खांब ठोकायचं काम सुरू झालं, तेही नेमकं दुपारी. जेवणानंतर सगळं ग्रंथालय चटया पसरून आडवं व्हायचं, पण साहेबांच्या खोलीच्या भिंती हादरायच्या. झोपेवाचून साहेब सगळ्यांवर डाफरू लागले.

थोआताईंनी गोड आवाजात सुचवलं, की आपल्या कोठीत आवाज म्हणून येत नाही. स्वतःची चटई अंथरून दिली. उशाशी सगळ्यात जुने गठ्ठे होते, तेही सकाळीच मुद्दाम झटकून भुकटी सुटी केलेले. साहेब पडल्या पडल्या घोरायला लागले.

उठले ते शिंकतच. डोळे लाल, नाक वाहतंय. ताई दारात बाटली घेऊन उभ्याच होत्या.

"वारं शिरलं वाटतं, साहेब. कोठीला खिडकी नाही, आलं कुठून कोण जाणे."

साहेबांनी मुकाट्याने तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी मात्र नाकाला रुमाल बांधून पुन्हा हजर, कारण अशी झोप सोडवते कुणाला? त्याच आठवड्यात भिंतीला भोक पडलं. ताईंच्या खोकल्याला कधी न मिळालेला पंखा साहेबांच्या डुलकीला लगेच मिळाला.

पंखा फक्त दुपारी लावायचा, असा हुकूम आहे. ताई तो सकाळी लावतात आणि बंद करायला विसरतात. नात पुन्हा कुशीत झोपायला लागली. परवा मात्र ती आईकडे कुरकुरत गेली.

"आजी आता खोकत नाही," ती म्हणाली, "पण घोरते किती!"