रंग गेलेली बाटली

आम्रपालीनं रसायनांचं कपाट पुन्हा उघडलं. बाटली नव्हतीच.

“चैताली, इथली प्लास्टिकची बाटली कुठंय?”

“पाण्याची? तुझे बाबा येऊन तासभर झाला. त्यांच्यासाठी बाहेर ट्रेमध्ये ठेवली, ग्लासासकट,” शेजारच्या टेबलावर काम करणारी चैताली मान वर न करता म्हणाली. “केमिकलच्या कपाटात पिण्याचं पाणी ठेवतेस, शाबास.”

ते पाणी नव्हतं. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं काळपट सांडपाणी होतं. चार महिने ती त्यात लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालत होती. दोन्ही भेटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. क्षणभरही टिकत नाहीत, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ओरबाडून घेतात. रेणू साखरेचा की रंगाचा, हे ते बघत नाहीत. आज सकाळी रंग पहिल्यांदाच पुरता गेला. आनंदाच्या भरात तिनं ते हाताशी आलेल्या पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि वायू साठू नये म्हणून बूच सैल ठेवलं. चिठ्ठी लावली नाही. चार महिने गरजच पडली नव्हती, तो काळा रंग बघूनच कुणी हात लावत नसे.

आता आत प्रयोगासाठी घातलेलं आम्ल होतं, उरलेला पेरॉक्साइड होता, आणि अर्धवट तुटलेले रेणू, ज्यांची नावं तिलाही माहीत नव्हती. माणसाचं आतडंही सेंद्रियच, हे आठवलं आणि ती धावत सुटली.

सत्त्याण्णवचा एप्रिल भाजून काढत होता. बाबा वाघोलीहून दोन बस बदलून आले होते, लेकीची प्रयोगशाळा आयुष्यात पहिल्यांदा बघायला.

रामदास खुर्चीच्या काठावर बसून रुमालानं तोंड पुसत होते. पुढ्यात ट्रे.

“बाबा, किती प्यायलात?”

“काय?”

“या बाटलीतलं! एक घोट? ग्लासभर? खरं सांगा!”

ते गडबडून उभे राहिले. चेहरा एकदम पडला.

“हात नाही लावला गं मी. खरंच नाही लावला.”

तिनं ग्लास उचलून बोट फिरवलं. कोरडा होता. ती खाली बसली.

“इतक्या उन्हातून आलात. तहान नाही लागली?”

“लागली ना. पण घ्या असं कुणी म्हणालं नाही.”

लहानपणी गावात वरून कुणी ओतल्याशिवाय त्यांना पाणी मिळालं नव्हतं. बँकेत, कचेरीत, लग्नाच्या मांडवात त्यांचा हात अजूनही पुढे होत नसे, आणि ती दर वेळी भांडायची, “आता कोण विचारतंय बाबा? सरळ घ्यायचं.” आज त्याच सवयीनं बाबा वाचले होते. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची भयंकर लाजही वाटली.

बाटली कपाटात कुलूपबंद करून ती त्यांना व्हरांड्यातल्या पाण्याच्या फिल्टरपाशी घेऊन गेली. ग्लास विसळून भरला.

रामदासांनी ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घेऊ?”

एरवी ती चिडली असती. आज तिनं आधी स्वतः एक घोट घेतला, गिळून थोडा वेळ थांबली, आणि मग म्हणाली, “घ्या.”