गोलकीपर सरजाबाई

पप्पू मेला तो भर दुपारी, विजेच्या खांबावर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, लाइन बंद हाय, चढ. तो चढला आणि लाइन चालू झाली. कुणी चालू केली ते सगळ्या सोनपेठला ठाऊक आहे, फक्त कागदाला ठाऊक नाही. कागदावर लिहिलंय की मयत स्वतःच्या निष्काळजीपणाने चढला. चोवीस वर्षांचं पोर गेलं आणि त्याच्या मागं उरलं काय, तर हे एक वाक्य.

महिनाभरात त्याचा प्लेस्टेशन थ्रीपण गेला. लाइट डीम-फुल झाली, पिवळा दिवा एकदा लुकलुकला आणि डबा थंड पडला. टीव्हीला जोडून गेम खेळायचा सेकंडहँड डबा होता, पण पप्पूचा जीव त्याच्यात. फुटबॉलच्या गेममध्ये त्यानं आख्खी वस्ती उतरवली होती. गेममध्ये माणूस घडवायची सोय असते, नाक, डोळे, रंग, उंची. वारलेले आबा, म्हणजे वडील भगवानराव, कप्तान. स्वतः पप्पू नऊ नंबर. आणि गोलमध्ये माय.

"माय, हिकडं बघ की जरा. तुझं नाक नीट येईना."

"भाकर करपायलीय रं. बघते मंग."

ते मंग काही आलं नाही. सरजाबाईनं ती टीम एकदाही बघितली नव्हती. आता तिला दुसरं काही सुचत नव्हतं. थोरला बुद्धभूषण परभणीला स्टेशन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो घरी आला की तिचं एकच, "बुद्धा, त्यानं मला कसं काढलंय ते दाव."

बुद्धभूषणनं मेलेला डबा मांडीवर घेतला. "हा आता चालायचा न्हाई माय. पण माझ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकतो. एम्युलेटर म्हणतेत. कॉम्प्युटर मग ह्या डब्यासारखा वागतो."

"म्हंजे त्याच्या अंगात येतंय व्हय?" सरजाबाईनं डोळे बारीक केले. "आपण सोडलं ते समदं छप्पनला, दीक्षा घेतली तवाच."

कितीतरी दिवसांनी दोघं हसले.

डबा घेऊन तो परभणीला आला आणि कामाला लागला. आधी हात बसावा म्हणून जुने गेम लावले. प्लेस्टेशन वनचे गेम दुकानातल्या सगळ्यात मरतुकड्या पीसीवरसुद्धा पळाले. टूचे काही पळाले, काही लंगडले. थ्रीनं मात्र त्याला नाक घासायला लावलं. त्याला वाटायचं, जितका गेम नवा तितका जड. तसंही नव्हतं. थ्रीच्या नंतर निघालेले काही डबे कमी छळतात. थ्रीची घडणच वेगळी. आत एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली सहा-सात मजूर, ज्याला त्याला वेगळं काम, ऊसतोडीच्या टोळीसारखं. ती सगळी टोळी पीसीला एकट्यानं नाचवावी लागते, त्यात पीसीची कंबर मोडते.

पप्पूचा फुटबॉलचा गेम चढला, पण सेकंदाला सात चित्रं. निदान तीस लागतात. खेळाडू काळ्या रानातल्या चिखलातून चालल्यासारखे. बॉल हवेत लटकून राहायचा. मैदान होतं, परक्या देशांच्या टीमा होत्या. वस्तीची टीम अर्थातच नव्हती, ती डब्यातल्या हार्डडिस्कवर. ते त्याला सोपं वाटत होतं. आधी मशीन तगडी करू, मग डिस्क जोडू.

तगडा प्रोसेसर परभणीत एकाच माणसाकडं होता. पंडित जुने सुटे भाग घ्यायचा-विकायचा.

"भूषणभाऊ, हा देतो. पण तो मेलेला प्लेस्टेशन मला लागंल. त्याचा पंखा, पावर सप्लाय, समदं कामाचं हाय."

"डिस्क काढून घेतो. बाकी ने."

"बघा हां. भावाची वस्तू हाय."

"अरे जीव डिस्कमध्ये असतो," बुद्धभूषण म्हणाला. "डबा म्हंजे नुसतं कातडं."

हे तो बारा वर्षं म्हणत आला होता. तलाठ्याचा कॉम्प्युटर जळाला, शाळेचा बुडाला, दवाखान्याचा उंदरानं कुरतडला. दरवेळी त्यानं डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली, सगळं जसंच्या तसं परत. लोक त्याच्या पाया पडायचे बाकी होते. त्यानं डिस्कचे चार स्क्रू काढले आणि डबा पंडितच्या पिशवीत घातला. कारागिराचा हात कामात अडखळत नसतो, तोच त्याचा घात.

नवा प्रोसेसर बसला आणि गेम पळाला. गुळगुळीत. गवताची पातसुद्धा हलायला लागली. त्यानं मायला फोन केला, "उद्याच्या एसटीनं ये." मग डिस्क जोडली.

पडद्यावर पाटी आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

नाही. काढून परत जोडली. परत तीच पाटी. दुसरं सॉफ्टवेअर, दुसरी केबल. मग तो वाचायला बसला, जे आधी वाचायला पाहिजे होतं ते. प्रत्येक डबा आपली डिस्क आपल्याच किल्लीनं कुलूपबंद करतो. किल्ली डिस्कवर नसते, डब्याच्या बोर्डावर असते. त्या एकाच डब्याच्या. जगातला दुसरा कुठलाही डबा ती डिस्क उघडू शकत नाही.

तो चप्पल न घालता गाडीवर बसला, थेट पंडितकडं.

"बोर्ड?" पंडित म्हणाला. "भाऊ, त्याच्या चिपा उपटल्या मी हीट गननं त्याच दिवशी. उरलेलं काल हैद्राबादच्या भंगारात गेलं." बुद्धभूषणचं तोंड बघून तो खुर्चीतून उठला. "काय झालं? म्या ईचारलं होतं की तुमाला."

विचारलं होतं. पंडितचा काही गुन्हा नव्हता, आणि हेच बुद्धभूषणला सोसेना. खांबाच्या वेळी शिव्या द्यायला ठेकेदार होता. इथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई आली. इस्त्रीची पांढरी साडी, जयंतीला नेसायची ती. दुकानातल्या स्टुलावर बसली, पदर सावरला, जणू समोरून तिलाही कुणी बघणार होतं. पडद्यावर गोरे खेळाडू पळत होते.

"ह्यातली मी कोणती?"

त्यानं सांगितलं. गोल गोल न फिरवता सांगितलं, डबा दिला, किल्ली त्यात होती, चूक माझी.

रस्त्यावरून ऑटो गेले.

"पुसलं गेलं का समदं?"

"न्हाई. आत हाय. तू हायस, आबा हायत, पप्पू हाय. पण कुणाला वाचता येत न्हाई. कधीच येणार न्हाई."

"तूच काढ की मंग. तुला येतंय ना?"

त्यानं गेममध्ये नवा खेळाडू घेतला. नऊ नंबर. नाकाची पट्टी सरकवली. "असं?" "इतकं बसकं नव्हतं." परत सरकवली. "असं?" सरजाबाई पडद्याजवळ झुकली. "डोळे असे न्हाईत रं." तो पट्ट्या सरकवत राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की सख्ख्या भावाचे डोळे कसे होते ते त्याला नेमकं सांगता येत नाही. पप्पूला सगळ्यांचे सांगता यायचे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हा दुसराच कुणी व्हायलाय."

त्यानं गेम बंद केला. मागं पाटी तशीच उभी होती, डिस्क जोडलेली होती ना.

"काय म्हणतोय त्यो?"

"ईचारतोय, डिस्क कोरी करू का, दुसरं काही भरायला."

सरजाबाईनं हात पुढं केला. त्यानं पाटी बंद केली, केबल काढली आणि डिस्क तिच्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती. तिनं ती पदरात गुंडाळली.

"सोनपेठची गाडी किती वाजता हाय?"