वाळ्याचा काठ

कळसच्या तळ्याचा एक काठ सारजानं तीन वर्षं खपून उभा केला होता. उसाच्या हव्यासापायी लोकांनी पार पाण्यापर्यंत नांगर घातला, घाण अडवणारं काठचं वाळा-लव्हाळ्याचं गवत उपटून फेकलं, मग शेतातलं खत, उकिरड्याचं पाणी, सगळं थेट तळ्यात. पाणी हिरवं पडलं. तेच पिऊन सारजाची थोरली पोर, नकोशी, हगवणीनं दोन दिवसांत गेली. गाव हळहळलं आणि पुन्हा उसाच्या मागं लागलं.

सारजा मात्र ओढ्यातून वाळ्याचे ठोंब आणून लावत राहिली. गावानं तिला वेड्यात काढलं. पुढं तिच्या काठाशी पाण्याचा तळ दिसायला लागला, तशा त्याच शहाण्या बाया घागरी घेऊन तिथंच येऊ लागल्या. धाकटी सुकन्या तेच पाणी पिऊन वाढत होती.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, तळंही निम्म्यावर आलं. एका दुपारी सारजाचा भाऊ बिरदेव दोनशे मेंढरं घेऊन तिच्या बाभळीच्या कुंपणाशी उभा राहिला. दुसरीकडं सगळा गाळ, मेंढरं रुतली असती.

"आक्का, कालधरनं मेंढरांनी पानी बघितलं न्हाय."

मेंढरांचं तहानलेलं खांड पाण्यावरून परत धाडायचं नाही, ही धनगराच्या घरची रीत. शिवाय मेंढरू वाळ्याच्या चरबट पातीला तोंड लावत नाही, हे सारजा लहानपणापासून बघत आली होती. तिच्या लहानपणी रानात गवत होतं, एवढंच तेवढं ती विसरली. तिनं आपल्याच हातानं काट्या बाजूला ओढल्या.

मेंढरं पाणी प्यायली आणि वाळ्यावर तुटून पडली. बिरदेव काठी घेऊन धावला, सारजानं दगड भिरकावले, पण उपाशी जनावर कुणाचं ऐकतं? ठोंब मुळासकट वर आले. घटकाभरात काठाचा नुसता चिखल झाला.

"मला ठावं न्हवतं गं," बिरदेव म्हणाला.

"मलाबी कुठं ठावं व्हतं?" सारजा म्हणाली. त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, आणि त्यामुळंच तिचा जीव तळमळत होता.

संध्याकाळी तिनं चार पदरी फडक्यातून पाणी गाळलं, तरी ते मातकटच उतरलं. सुकन्या खेळून आली, घागरीत तांब्या बुडवला. तो तोंडाला लागायच्या आत सारजानं हिसकावून घेतला.

"आई, तान लागलीया."

"थांब, उकळू दे," म्हणत सारजा चुलीपुढं बसली. दोनशे मेंढरांना पाणी पाजून तिनं पोटच्या पोरीला तहानलेलं ठेवलं होतं. तिनं काडी ओढून चुलीत जाळ घातला.