एका घंटीला थांबायचं

इंजनाला तडा गेला होता. चांगला बोटभर लांब. त्या तड्यातून बर्फ बाहेर डोकावत होता, आणि जळबा त्यावरून बोट फिरवत उभा होता.

"चालू झाली का वो?" गाडीतून लक्ष्मीबाईनं विचारलं. एवढं विचारायला तिला दोनदा दम घ्यावा लागला.

"व्हईल, व्हईल," तो म्हणाला. साफ खोटं बोलला.

आता मराठवाड्यातल्या हट्टा गावचं हे म्हातारं जोडपं ऐन चैत्रात हिमालयाच्या बर्फात कसं येऊन पडलं, ते सांगायलाच पाहिजे. जळबा एसटीचा डायवर. निजामाच्या मोटारीवर बसला, तो रिटायर होईपर्यंत स्टेरिंगवरून उठला नाही. आणि नशिबी कायम वस्तीची गाडी! संध्याकाळी वसमतहून निघायचं, कुठल्यातरी खेड्यात पारापाशी गाडी लावायची, तिथंच झोपायचं. इकडं लक्ष्मीबाई एकटी. लेकरांची दुखणी एकटीनं काढली, दाराची कडी एकटीनं लावली. कधी ब्र काढला नाही बाईनं.

म्हणून रिटायर झाल्यावर जळबानं लिलावात एक भंगारातला फिरता दवाखाना घेतला. आत पेशंटची बाज होतीच. त्यात स्टो, पाण्याचा पिंप, गोधड्या आणि बुद्धाचा फोटो ठेवला, समोरच्या काचेवर निळ्या रंगात 'जय भीम' लिहिलं, आणि झाली की घरगाडी! शेजारच्या जवळा बाजार गावात लोक खिदळायचे. "काय जळबाभाऊ, ऱ्हायाला घर पाहिजे का दवाखाना, एकदा ठरवा बरं!"

"हसा लेको," जळबा म्हणायचा. "आता जिथं माझी वस्ती, तिथं हिची वस्ती."

कुठं जायचं ते लक्ष्मीबाईनं ठरवलं. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर होता. "असं खरंच असतंय का वो?" झालं, बयेनं विचारलं म्हणजे दाखवायलाच पाहिजे. चैत्रात तिकडचे रस्ते मोकळे होतात, असं नांदेडच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. देवदाराच्या सरकारी जंगलातून गाडी मजेत चढली. लक्ष्मीबाईनं मूठभर बर्फ उचलून जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "अग्गं बाई, खारट न्हाई की!" जळबा पोट धरून हसला. इतकी हसलेली ती त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

काल संध्याकाळी आभाळ फिरलं. जंगल खात्याच्या नाक्यावरचा गार्ड म्हणाला, "बाबूजी, ऊपर रुकोगे तो रात को गाडी का पानी निकाल देना." जळबानं मान हलवली. पण मनातून त्याला ते पटेना. मराठवाड्याच्या उन्हात उभी हयात काढलेला माणूस तो. नव्या पोरांना शिकवायचा, बैल आणि गाडी तहानेली बांधू नये. देवदाराखाली गाडी लावली आणि यानं बॉनेटवर हात फिरवून रेडिएटर काठोकाठ भरला! वर म्हणतो कसा, "पी बाई, लई चढलीस आज." त्या पाण्याचा सकाळी दगड झाला आणि दगडानं लोखंड फोडलं.

आणि लक्ष्मीबाईचा दमा उसळला. ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. रस्ता गुडघाभर बर्फानं बुजलेला. वरून कोणी येईना, खालून कोणी येईना. स्टोतलं घासलेटही संपत आलं होतं.

"मी नाक्यावर जातो. माणसं घेऊन येतो," जळबा म्हणाला.

तिनं त्याची बाही धरली. "न्हाई. उभा जल्म तुमी वस्तीला गेले, मी कधी अडवलं का? आज अडवून राहिले. मला एकटीला न्हाई मरायचं."

जावं तर ही एकटी मरणार. थांबावं तर डोळ्यांदेखत मरणार. जळबानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "म्याच घात केला तुझा, लक्ष्मे. गार्डाचं ऐकायला काय धाड भरली व्हती मला?" तो रडला, चिडला, गाडीला लाथ मारली. मग त्याची नजर दांडीवर वाळत घातलेल्या तिच्या नऊवारी लुगड्यावर गेली.

त्यानं तिला गोधडीत गुंडाळलं, आणि शेतात निंदायला जाणाऱ्या बाया पाठीशी लेकरू बांधतात तसं लुगड्यानं पाठीला बांधलं. बाई होतीच किती वजनाची! पण जळबाचंही वय झालं होतं. चार पावलं टाकली की गुडघा बर्फात जायचा.

"झोपायचं न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "आज तू कंडक्टर. वळण आलं की डबल घंटी दे, म्हंजी मी गाडी पुढं काढतो."

"आन् टिकीट?"

"माझं फाड."

पहिल्या वळणावर त्याच्या कानाशी आवाज आला, "टिंग टिंग." जळबा चालला. पुढच्या वळणावर पुन्हा "टिंग टिंग." एकदा तो तोंडावर आपटला, कपाळ फुटलं; पाठीवरून बारीक आवाजात घंटी आली, तसा उठला. पाय आहेत की नाहीत तेही कळेना. मग घंटी उशिरा यायला लागली. तो ओरडायचा, "कंडक्टर! झोपल्या काय?" आणि कितीतरी वेळानं ती द्यायची.

लांब खाली नाक्याचा धूर दिसला, तेव्हा तिची मान त्याच्या खांद्यावर पडली.

"टिंग," ती म्हणाली.

एकच. जळबानं वाट पाहिली. दुसरी आली नाही.

एका घंटीचा अर्थ त्याला कोणी सांगायला नको होता. थांबा, उतरायचं आहे. एका घंटीवर गाडी पुढं रेटणारा डायवर हा डायवरच नव्हे, असं तो सगळ्या डेपोला ऐकवायचा. आख्ख्या नोकरीत त्यानं ती घंटी मोडली नव्हती. आज मोडली. "न्हाई थांबत! काय करायचं ते कर!" असं बोंबलत तो उतारावरून घसरत, पडत, रांगत सुटला.

नाक्यावरच्या गार्डांनी लुगडं सोडून तिला शेकोटीपाशी निजवलं. जळबा तिचे तळवे चोळत बसला. चोळता चोळता त्याच्याच हातांची सालटी निघाली. ती हलेना. एका गार्डानं तिच्या नाकापुढं हात धरला आणि दुसऱ्याकडं पाहिलं. जळबानं ते पाहिलं, पण चोळायचं सोडलं नाही. चोळतच राहिला.

बऱ्याच वेळानं ओठ हलले. तो वाकला.

"घंटी दिली व्हती नं..." लक्ष्मीबाई पुटपुटली. "थांबले काहून न्हाई?"

"ब्रेक फेल झाले व्हते, लक्ष्मे," जळबा म्हणाला, आणि त्या परक्या माणसांपुढं ढसाढसा रडला.